जुन्या संगणकावरचा तानपुरा : प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात वीणा लावता येणारी माणसे गावोगाव आहेत आणि वापरातून गेलेले संगणकही गावोगाव पडून आहेत. या दोहोंची गाठ घालून द्यावी, या हेतूने ही हस्तपुस्तिका लिहिली आहे. सीसाऊंड नावाचे सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावर कसे बसवायचे, त्यातून पहिला आवाज कसा काढायचा आणि मग तानपुऱ्याच्या चार तारा, पोळ्याला बैलाच्या गळ्यात वाजणारी घागरमाळ, पिंजाऱ्याची पिंजण असे आपल्या कानाच्या ओळखीचे आवाज आकड्यांतून कसे घडवायचे, ते तिच्यात सांगितले आहे. प्रस्तावनेत मात्र त्याआधीचा प्रश्न घ्यायला हवा. मोबाइलवर तानपुरा फुकट मिळतो. बाजारातल्या कीबोर्डात शेकडो आवाज भरून येतात. मग हा खटाटोप कशासाठी?

माझे उत्तर एका स्वरापासून सुरू होते. षड्ज २४० कंपनांवर धरला, तर तानपुऱ्याच्या खर्जातून झिरपणाऱ्या गांधाराशी जुळणारा गांधार ३०० कंपनांचा येतो. षड्जाशी त्याचे नाते पाचास चार, असे सरळ आहे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला गांधार जवळजवळ ३०२.४ वर जाऊन बसतो. आकड्यात पाहिले तर फरक अडीचाच्याही आत आहे. पण हे दोन स्वर एकत्र धरून ठेवले की आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा फुगतो आणि ओसरतो. पेटीच्या साथीने गाणाऱ्या प्रत्येकाने हे हेलकावे ऐकलेले असतात. काहींना ते खटकतात, काहींना सवयीने खटकेनासे झाले आहेत. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले, त्यामागच्या वादात हा मुद्दाही होता.

या फरकाचा पाठपुरावा आपल्या महाराष्ट्रात फार आधी झाला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचे गणित मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात प्रसिद्ध झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचा गळा आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याचा उत्साह त्यांच्या पाठीशी होता. श्रुती कानाला प्रत्यक्ष ऐकवता याव्यात म्हणून खास श्रुती-हार्मोनियम तयार करवावी लागली. पुढे आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा हाच प्रश्न हाती घेऊन बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. या सगळ्या माणसांना लाकूड, पितळ आणि कारागीर यांच्याशी झुंजावे लागले, कारण स्वर एकदा पट्टीत बसला की तो हलवायला कानस घेऊन बसावे लागते. सीसाऊंडमध्ये हेच काम एका ओळीत ३०२.४ खोडून ३०० लिहिण्याचे आहे. ती ओळ आपल्या हाती असावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. तयार आवाज विकत घेतला किंवा फुकट उतरवून घेतला, तरी त्यातले निर्णय दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कोणासाठी तरी घेतलेले असतात. आवाज स्वतः लिहिला की प्रत्येक निर्णय आपल्याला दिसतो आणि बदलता येतो.

यासाठी नवा संगणक लागत नाही, हे पटवून देणे मला या पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे काम वाटते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

संगणकाने आवाज निर्माण करायचा म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग तयार करायची. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकडा सांगतो की त्या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे किंवा मागे असावा. हे आकडे मोजून काढण्याचे काम पहिल्यांदा संगणकाला सांगितले ते मॅक्स मॅथ्यूज यांनी, १९५७ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. त्यांनी 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि न्यूमन गटमन यांची सतरा सेकंदांची रचना आयबीएम ७०४ या संगणकाने 'वाजवली'. वाजवली हा शब्द इथे अवतरणात टाकावा लागतो, कारण संगणक न्यूयॉर्कमध्ये होता आणि आकड्यांचा आवाज करणारे यंत्र न्यू जर्सीत. आकडे टेपवर उतरवायचे, टेप घेऊन प्रवास करायचा आणि तिकडे पोचल्यावर आपण काय केले ते ऐकायचे, अशी ती पद्धत होती.

त्या घराण्यातच सीसाऊंड जन्मले. बॅरी व्हर्को हे मूळचे न्यूझीलंडचे. एमआयटीत असताना त्यांनी १९८६ च्या सुमारास जुन्या 'म्युझिक' मालिकेतला आपला प्रोग्रॅम सी भाषेत नव्याने लिहिला. सीसाऊंड हे नाव त्यावरून पडले. तेव्हापासून ते जगभरच्या लोकांनी वाढवत नेले आहे, ते पूर्णपणे मुक्त आहे आणि त्यात एक दुर्मीळ शिस्त पाळली गेली आहे: पूर्वी लिहिलेली वाद्ये नव्या आवृत्तीतही चालली पाहिजेत. तीस वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवलेली घंटा आज आपल्या यंत्रावर वाजते.

या घराण्याचा एक गुण जुन्या यंत्राच्या मालकासाठी सोन्यासारखा आहे. सीसाऊंडला आवाज ताबडतोब वाजवायला सांगता येते, तसेच तो आधी फाइलमध्ये लिहून ठेवायलाही सांगता येते. फाइलमध्ये लिहायचे ठरवले की यंत्राच्या वेगाचा आवाजाच्या दर्जाशी संबंधच उरत नाही. एक मिनिटाचे संगीत मोजायला यंत्राला चार मिनिटे लागली, तर लागू द्यावीत. फाइल तयार झाल्यावर ती महागड्या संगणकावर तयार झालेल्या फाइलसारखीच वाजेल. मंद यंत्रावर आवाज हलका होतो ही समजूत मी अनेक ठिकाणी ऐकली आहे आणि तिच्यामुळे कितीतरी चांगली यंत्रे भंगारात गेली आहेत. वेळ जास्त लागतो हे खरे. सूर मात्र तसूभरही ढळत नाही.

याचा आपल्या राज्यातला एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या वस्तीच्या प्राथमिक शाळेत सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. या लॅपटॉपसाठी टॅमटॅम नावाची संगीताची साधने बनवली गेली. त्यांतल्या एका साधनात मुलांनी स्वतः आवाज घडवावा अशी सोय होती, आणि या सगळ्यांच्या पोटात काम करत होते ते सीसाऊंड. आज खामगाव, मेहकर किंवा मलकापूरच्या एखाद्या शाळेच्या कपाटात पडलेला जुन्यात जुना कोअर टू ड्युओ संगणक घेतला, तरी तो त्या लॅपटॉपच्या कितीतरी पटीने ताकदवान आहे. खैरातच्या मुलांसाठी आलेल्या यंत्राला जे झेपत होते, ते आपल्या यंत्राला झेपणार नाही असे म्हणायला काही आधार नाही.

बारा वर्षांनी संगणक म्हातारा ठरतो, पण त्याच्या आत काय घडते ते पाहिले की आवाजासाठी किती थोडे लागते याचे नवल वाटते. त्यासाठी तार घेऊ.

१९८३ साली केव्हिन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा आवाज काढण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. तिच्याइतकी सुंदर युक्ती या विषयात मला दुसरी माहीत नाही. काही शे आकड्यांची एक रांग घ्यायची आणि तिच्यात कसलेही, सोडतीतून काढावेत तसे आकडे भरायचे. नुसते ऐकले तर तो 'खस्स' असा आवाज असतो. मग रांगेतला पहिला आकडा काढून स्पीकरकडे पाठवायचा, त्याची आणि त्याच्या मागच्याची सरासरी काढायची आणि ती रांगेच्या शेवटी उभी करायची. हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. पहिल्या काही फेऱ्यांत खरखर ऐकू येते, तिचे टोकदार कंगोरे प्रत्येक सरासरीत झिजतात आणि बघता बघता खाली उरतो तो तारेचा झंकार, जो हळूहळू विरत जातो. यात कुठेही तार नाही, तारेचे ध्वनिमुद्रण नाही. बेरीज आहे आणि दोनाने भागणे आहे.

स्वर ठरतो तो रांगेच्या लांबीवरून. ४४,१०० ला रांगेच्या लांबीत अर्धा मिळवून भागले की कंपने मिळतात. काळी एकच्या पट्टीत पुरुषी तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा १३८.६ कंपनांवर येतात, म्हणजे त्यांची रांग ३१८ आकड्यांची. पंचमाची तार ४२४ आकड्यांची, खर्जाची ६३६ ची. चारही तारा मिळून १,६९६ आकडे. एकेका आकड्याला संगणकाच्या आठ बाइट दिल्या तरी आख्खा तानपुरा चौदा किलोबाइटच्या आत मावतो. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्राला याहून कितीतरी जास्त जागा लागते.

आता खरी गंमत जोडीच्या तारांत आहे. दोन्ही रांगा ३१८ च्या ठेवल्या तर दोन्ही तारा अगदी एकाच कंपनांवर वाजतात आणि तानपुरा निर्जीव वाटतो. एक ३१८ ठेवून दुसरी ३१७ केली, की दोघींत सेकंदाला अर्ध्याहून थोडे कमी कंपन इतकाच फरक पडतो आणि साधारण सव्वादोन सेकंदांनी एक लाट येऊन जाते. तानपुरा मिळवताना मणी किंचित सरकवून आपण जे शोधत असतो, ते हेच. एक आकडा इकडचा तिकडे केल्याने ते कानाला कळते, हे पहिल्यांदा ऐकेल त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पुस्तिकेत हा प्रयोग लवकर घेतला आहे.

पिंजणही याच युक्तीची बहीण. खामगावच्या कापूसबाजाराच्या या मुलुखात पिंजाऱ्याच्या तातीचा तो भरदार, तुटक 'टँव' ज्यांनी लहानपणी दारात ऐकला आहे, त्यांची पिढी आता मागे सरते आहे. रांग लांब ठेवायची आणि दर फेरीला आकड्यांचा जोर थोडा जास्त कमी करायचा, म्हणजे झंकार लांबण्याआधीच दबतो. आवाज हुबेहूब होईल असा दावा मी करत नाही. कापसाच्या ढिगात रुतलेल्या तारेचे दबणे फार गुंतागुंतीचे असते आणि ते कानाने ऐकत ऐकतच जवळ आणावे लागते. ज्या घरात जुना पिंजारी आहे, तिथल्या मुलाने आजोबांना शेजारी बसवून हा आवाज जुळवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. ध्वनिमुद्रणातून आवाज जपला जातो. तो कसा घडतो हे जपायचे असेल तर असे बसून घडवावेच लागते.

घागरमाळेसाठी वेगळा रस्ता आहे. स्टॅनफर्डचे जॉन चौनिंग यांनी १९७३ साली दाखवून दिले की एका आवाजाच्या कंपनांना दुसऱ्या आवाजाने वेगाने हलवत ठेवले, तर अवघ्या दोन साध्या आवाजांतून घंटेचा धातूसारखा नाद निघतो. घंटेच्या उदाहरणात त्यांनी एक आवाज २०० कंपनांचा आणि दुसरा २८० चा घेतला होता. हे तंत्र पुढे यामाहाच्या कीबोर्डात शिरून जगभर गाजले. आपण तेच आकडे वर चढवून, नाद आखूड करून बैलाच्या गळ्यापर्यंत आणले आहेत.

तानपुऱ्याकडे परत येतो, कारण जवारीबद्दल, म्हणजे घोडीमुळे तारेला येणाऱ्या त्या गुंजणाऱ्या नादाबद्दल, लिहिल्याखेरीज ही प्रस्तावना पुरी होणार नाही. कारप्लस आणि स्ट्राँग यांची तार गिटारसारखी वाजते, तानपुऱ्यासारखी नाही. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला तानपुरा, ज्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो हाती घेऊन पाहा. घोडी रुंद आणि किंचित गोलाईची असते. तार तिच्यावर एका बिंदूत टेकत नाही. कंपन करताना ती घोडीच्या पाठीला लागत-सुटत राहते, आणि मधे सुताचा धागा सरकवून ती नेमकी कुठे लागावी हे आपण ठरवतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास याच गोष्टीकडे लक्ष वेधले. तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर आवाजात उमटू नये, असा त्या वेळचा सर्वमान्य नियम होता. तानपुरा आणि वीणा हा नियम मोडतात, जो उपस्वर नसायला हवा तो स्पष्ट ऐकू येतो आणि याचे कारण घोडीत आहे, हे त्यांनी दाखवले. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी रामन यांना तानपुऱ्याच्या घोडीने विचारात पाडले होते, ही गोष्ट शाळेत विज्ञान शिकवताना सांगितली गेली पाहिजे.

ही जवारी आकड्यांत आणण्याचे दोन मार्ग पुस्तिकेत दिले आहेत. पहिला कष्टाचा: तार जितकी जोरात हलत असेल तितकी रांगेची लांबी क्षणोक्षणी किंचित बदलायची, म्हणजे घोडीवर तारेची लांबी कमी-जास्त होण्याची नक्कल होते. दुसरा मार्ग फ्रेंच संगीतकार जाँ-क्लोद रिसे यांचा, १९६९ च्या 'म्युटासिओं' या रचनेतला. एकाच स्वराचे नऊ आवाज घ्यायचे आणि प्रत्येक आवाज शेजाऱ्यापासून अगदी थोडा, समजा ०.०३ कंपनाने, बाजूला ठेवायचा. मूळ स्वरातली लाट तेहतीस सेकंदांनी फिरून येते, पण दहाव्या उपस्वरातली लाट त्याच्या दहापट वेगाने फिरते. त्यामुळे उपस्वर एकामागून एक वर येतात आणि मागे जातात. एका फ्रेंच संगीतकाराच्या गणितातून तानपुऱ्याचा इतका जवळचा भास निघावा, हे मला आजही विलक्षण वाटते. शिवाय हा मार्ग यंत्राला अतिशय हलका आहे. सुरुवात दुसऱ्या मार्गाने करावी.

आता यंत्राकडे. पहिल्या प्रकरणात सगळे बारकाईने दिले आहेच, पण काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण बहुतेक यंत्रे सीसाऊंडपर्यंत पोचण्याआधीच 'बंद' ठरवली जातात.

कपाटातून काढलेला संगणक सुरू करताच नुसता 'बीप' देऊन थांबला, तर आधी रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत आणि पट्टी पुन्हा नीट दाबून बसवावी. अनेक मेलेली यंत्रे एवढ्यानेच उठतात. पंख्यातली धूळ ब्रशने झाडावी. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, तर ते काम जाणकाराकडे द्यावे. नाण्याएवढा सेल संपलेला असला की संगणकाचे घड्याळ दर वेळी कितीतरी वर्षे मागे जाते आणि मग इंटरनेटवरची सुरक्षित पाने उघडतच नाहीत. माणसे नेटला दोष देतात. दोष काही रुपयांच्या त्या सेलचा असतो.

दुसरी गोष्ट घुमण्याची. स्पीकर लावताच खालच्या पट्टीत एकसारखा 'हम्म' ऐकू येऊ लागला, तर ती आपल्या विजेची ५० कंपने आणि त्यांची दुप्पट आहेत. आपल्याकडे अर्थिंग नीट नसलेली घरे आणि वर्गखोल्या पुष्कळ आहेत. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवावेत आणि अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. अर्थिंगची पिन काढून टाकल्याने आवाज थांबतो म्हणून कोणी तसे सुचवले तर अजिबात ऐकू नये, त्यात जिवाला धोका आहे.

विंडोज ७ ची देखभाल जानेवारी २०२० मध्ये संपली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चीही संपली. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी यंत्रे आता कार्यालयांतून आणि घरांतून बाहेर पडणार आहेत. त्यांवर लिनक्स बसवावे असा माझा आग्रह आहे. यंत्र ६४ बिटांचे असेल तर डेबियन चालेल, किंवा डेबियनवरच उभारलेले सी-डॅकचे बॉस. यंत्र ३२ बिटांचेच असेल तर लक्षात ठेवावे की ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ अशा यंत्रावर बसवता येत नाही. त्यासाठी डेबियन १२ किंवा त्याच्यावर आधारलेले, अगदी थोड्या रॅममध्ये चालणारे अँटिएक्स घ्यावे. सीसाऊंड डेबियनच्या भांडारात तयार आहे आणि एका आज्ञेत बसते. ज्याला जुने विंडोज सोडायचेच नाही, त्याने सीसाऊंडच्या पाचव्या मालिकेतली ३२ बिटांची आवृत्ती घ्यावी आणि ते यंत्र इंटरनेटला जोडू नये. गावात नेट कच्चे असेल तर तालुक्याला कोणाकडे तरी सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. एकदा बसवले की सीसाऊंडला नेट कधीच लागत नाही.

सगळे बसले, आज्ञा दिली, पडद्यावर कुठलीही चूक दिसत नाही आणि तरी आवाज नाही. लिनक्सवर नव्याने येणाऱ्याचा धीर इथे सुटतो. अल्सामिक्सर हा आवाज कमी-जास्त करण्याचा प्रोग्रॅम उघडावा आणि मुख्य पट्टीखाली 'एमएम' अशी अक्षरे दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर आवाज मुका केलेला आहे. 'एम' हीच कळ दाबली की तो सुटतो. आवाज येतो पण मध्येच तुटतो, तडतडतो, असे झाले तर संगणकाला आकडे पुरवायला वेळ कमी पडतो आहे. बफर, म्हणजे आगाऊ मोजून ठेवलेल्या आकड्यांचा साठा, वाढवावा. १,०२४ आकड्यांचा बफर म्हणजे जवळजवळ तेवीस हजारांश सेकंदांचा उशीर. तबला वाजवणाऱ्याला तो जाणवू शकेल, तानपुऱ्याला त्याने काहीच बिघडत नाही. तानपुऱ्यापासून सुरुवात करण्यामागे हेही एक कारण आहे: जुन्या यंत्राचा एकमेव खरा उणेपणा या वाद्याला बाधत नाही.

सीसाऊंडच का, असे जाणकार विचारतील. प्युअर डेटामध्ये चौकटी आणि रेषा जोडून वाद्य उभे करता येते, सुपरकोलायडर फार समर्थ आहे, प्रिन्स्टनमध्ये घडलेली चक ही भाषा वेळ फार नेमका सांभाळते, आणि सी प्लस प्लस येणाऱ्यांना पेरी कुक आणि गॅरी स्कॅव्होन यांचा सिंथेसिस टूलकिट जवळचा वाटेल, त्यात सतार नावाचे वाद्य तयारच आहे. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण साध्या मजकुराची एक फाइल, तिच्यात वर वाद्य आणि खाली कोणता स्वर कधी वाजवायचा त्याची यादी, ही सीसाऊंडची मांडणी वहीत लिहून दाखवता येते. यंत्र एक आणि मुले वीस असतील, तर हे फार कामाचे ठरते. ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन पुढे मराठीत टिपण लिहिता येते. पुस्तिकेतली सगळी वाद्ये अशा मराठी टिपणांसह दिली आहेत.

भारतात इलेक्ट्रॉनिक संगीताची पहिली प्रयोगशाळा १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभी राहिली. तिथे मूग सिंथेसायझर होता आणि तो मांडायला डेव्हिड ट्यूडर अमेरिकेतून आले होते. त्या खोलीत फार थोडी माणसे पोचू शकली. त्या यंत्रातून जे निघत होते, त्याहून अधिक आज शाळेतल्या टाकून दिलेल्या संगणकातून निघू शकते. कमतरता आहे ती शेजारी कान देऊन बसणाऱ्याची, आणि त्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा असे साहित्य दिले आहे. दरवर्षी शेगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालखीत तासन् तास वीणा खांद्यावर घेऊन चालणारी माणसे आहेत. तार उतरली की त्यांना गर्दीतही कळते. ३१८ आणि ३१७ मधला फरक त्यांच्याइतका नेमका कोणी सांगू शकणार नाही, मग त्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावलेला असो वा नसो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आकडे येतात, वीणेकऱ्याला कान असतो. दोघे एका यंत्रासमोर बसले तर जे होईल ते दोघांपैकी कोणालाच एकट्याने जमणारे नाही.

पुस्तिका वापरताना क्रम पाळायचे बंधन नाही. यंत्र चालू असेल आणि त्यावर लिनक्स असेल तर पहिले प्रकरण सोडून द्यावे. दुसऱ्यात एकच साधा स्वर वाजवला आहे, तो नीट ऐकू आल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसऱ्यात कारप्लस आणि स्ट्राँग यांची तार आहे, चौथ्यात चार तारांचा तानपुरा, पाचव्यात जवारी. सहाव्यात बारा समान स्वर आणि नात्यांतून येणारे स्वर शेजारी शेजारी ठेवले आहेत. हे प्रकरण गाणाऱ्यांनी आधी वाचले तरी चालेल. घागरमाळ आणि पिंजण शेवटी आहेत. आकडे जसे दिले आहेत तसे एकदा वाजवावेत आणि मग ते बदलावेत. काळी एकऐवजी आपल्या मंडळाची जी पट्टी असेल तिच्या रांगा किती लांब येतील, ते कागदावर काढण्याची रीत चौथ्या प्रकरणाच्या आरंभी दिली आहे. पहिल्यांदा ते गणित हातानेच करावे.